डाव्या मुंढ्याची शिवण

मी मुळातच संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे वाचताना कुणीतरी म्हणायचं, आजारपणाने बिचारीचं डोकं फिरलं. डोकं पहिल्यापासून असंच आहे. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली की मी ती जुडी सोडून आतपर्यंत बघते. गिऱ्हाईक "ताई, सवडीने द्या हो ब्लाउज" म्हणालं की मला कळतं, हिला परवाच हवाय. डोंबिवलीत घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते, माझी लेक पल्लवी शाळेत होती तेव्हापासून. बायका सांगतात, "माझं जुनंच माप धरा, काही फरक नाही," आणि टेप लावली की फरक निघतो. म्हणून मी माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या अंगावर जास्त विश्वास ठेवत आले.

आजारावर लिहिणारे पुष्कळ आहेत. औषधं कुठली, पथ्य काय, सगळं मिळतं वाचायला. पण आजारी माणसाच्या मनात जो संशय शिरतो त्याचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा जीव गाठीपेक्षा त्या संशयाने जास्त धोक्यात आणला, म्हणून हे लिहायला बसलेय.

डावी बाजू

सुरुवात माझ्या मुलीने केली. पल्लवी लग्न होऊन ठाण्याला असते, ऑफिसही तिकडेच. ऑफिसात साड्या नेसायचा काहीतरी दिवस होता म्हणून माझा जांभळा खणाचा ब्लाउज न्यायला आली. आमची दोघींची मापं जवळपास सारखी. तिने तो घातला, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हा डावीकडे ढगळ का गं?"

"खांदा उतरला असेल तुझा. सारखी ती लॅपटॉपची बॅग अडकवून फिरतेस."

"खांदा नाही गं. मुंढा बघ."

मुंढा म्हणजे काखेपाशी बाही जोडतात तो गोल. खरंच ढगळ होता. तिने कपाटातून दुसरा ब्लाउज काढला, मग तिसरा. तिन्ही उजवीकडे चापून बसत होते आणि डावीकडे सैल. आम्ही ते उलटे करून बघितले. उजवीकडची शिवण पहिलीच होती. डावीकडची उसवून, आत राखलेलं जादा कापड, म्हणजे माया, सोडून, बाहेरून नवीन टीप मारलेली. टीप माझीच होती, ती मी झोपेतही ओळखीन.

"हे कधी केलंस तू?" पल्लवीने विचारलं.

मला सांगता येईना. एकेका वेळी काय झालं असेल ते कळत होतं. घालताना काचला असेल, काढला असेल, मशीनवर बसून उसवला असेल, सैल करून परत घातला असेल. आमटी अळणी लागली की आपण मीठ टाकतो, ते काय लक्षात राहतं? पण तीन वेगळे ब्लाउज, तीन वेगळ्या वेळी, आणि दर वेळी डावी बाजू! दुसऱ्या बाईचं असं झालं असतं तर मी तिला तिथल्या तिथे विचारलं असतं, काय हो, इथे काही दुखतंय का म्हणून.

मी डावा हात वर केला आणि उजव्या हाताची बोटं काखेत घातली. गाठ होती, चांगली आवळ्याएवढी. दुखत नव्हती. बोटांना ती नवी वाटली नाही, आणि मला खरी भीती त्याचीच वाटली. म्हणजे माझ्या हाताला हे कधीपासून ठाऊक होतं, आणि तो मला न विचारता परस्पर ब्लाउज सैल करत बसला होता.

सगळे गोड झाले

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आधी घामाचं कारण सांगून गोळ्या दिल्या. गाठ जागची हलली नाही. मग पल्लवी मला ठाण्याच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेली. सोनोग्राफी करणारी बाई मोठी बोलकी होती. "अय्या, तुम्ही टेलर? प्रिन्सेस कट शिवता का?" माझ्या काखेत ती गार जेल लावून यंत्र फिरवत फिरवत तिचं चाललेलं. त्या जागेवर आली आणि गप्प झाली. पुढे प्रिन्सेस कटचं नाव नाही. मी छताकडे बघत पडले होते.

मग सुई घालून पाणी काढणं झालं, त्यात नीट कळेना म्हणून छोटं ऑपरेशन करून गाठीचा तुकडा काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी घालायला दिलेल्या गाऊनची एक नाडी वीतभर आणि दुसरी बोटभर होती. ज्याने कुणी तो शिवला त्याला मी भूल चढेपर्यंत शिव्या घालत होते. एक मावशी आल्या आणि बोलल्या, "बाय, चिडू नको, मी माझी पिन देते." आणि स्वतःच्या पदराची सेफ्टी पिन काढून मला मागून लावून दिली. त्या पिनेचे उपकार मी विसरणार नाही. तेवढा एक दिवस मला कुणाचा संशय आला नाही.

घरी आले आणि सगळे गोड झाले. आमचे हे वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपला लेथवर होते, आता रिटायर झालेत. आयुष्यभर जेवलेलं ताट जागेवरून उचललं नाही या माणसाने. त्यांनी मला मोसंबं सोलून दिलं. नुसतं सोललं नाही, बिया काढून, वाटीत घालून, वर चमचा ठेवून.

"हे काय?" मी विचारलं.

"मोसंबं."

"ते दिसतंय. का?"

"खा ना गं," म्हणाले आणि टीव्ही लावला. टीव्हीचा आवाजही त्यांनी लहान ठेवला. मी ते मोसंबं खाल्लं, एकेक फोड उलटून बघत.

रिपोर्टच्या दिवशी मी ड्रेसिंग बदलायला आत गेलेले. बाहेर आले तर बाकावर कुणी नाही. हे आणि पल्लवी मला सोडून डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले होते. थोड्या वेळाने दार उघडलं. पल्लवीचे डोळे लाल, आणि तोंडावर हसू. "आई, टीबी आहे! नुसता टीबी!" मुलगा झाल्यासारखं तिने भर कॉरिडॉरमध्ये सांगितलं. बाकावरचा एक माणूस उठून पलीकडे जाऊन बसला. हे रुमालाने चष्मा पुसत उभे होते.

मग मला आत नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगत होत्या. गाठीचा टीबी आहे, खोकल्यातून पसरणारा नाही, सरकारी केंद्रातून गोळ्या फुकट मिळतात, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या, पूर्ण बरा होतो. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या बोलताना पल्लवीकडे बघत होत्या.

घरी येताना पल्लवीने पावभाजी पार्सल घेतली. सगळ्यांना आनंद झाला होता. मी मात्र मनात पक्कं ओळखलं, हे सगळे माझ्याशी खोटं बोलताहेत. मला कॅन्सर आहे.

अल्सर

मला असं का वाटलं, ते सांगायला हवं. आमच्या घरात हे नाटक एकदा होऊन गेलंय आणि त्यात माझंही काम होतं.

आमचं मूळ घर शीळफाट्याजवळच्या गावात. सासूबाईंना पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा आम्ही तिथेच राहायचो. थोरल्या दिरांनी ठरवलं, आईला सांगायचं नाही. कुणी वाद घातला नाही, आमच्याकडे असंच करतात. डॉक्टरही तयार झाले. सासूबाईंना सांगितलं, अल्सर आहे. त्यांच्या उशाखाली 'अल्सर' लिहिलेला एक कागदसुद्धा दिरांनी ठेवला होता. मी पेज करून द्यायचे आणि म्हणायचे, "आई, अल्सरला तिखट चालत नाही हं." त्यांना सुकट आवडायची, ती बंद केली होती.

एकदा पेज पिता पिता त्यांनी माझा हात धरला. "तुमी सगली मनाशी इतकं गोर कनाला बोलताव गो?" म्हणाल्या. इतकं गोड कशाला बोलता माझ्याशी? मी म्हटलं, "काहीतरीच काय आई!" आणि वाटी घेऊन आत गेले. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. त्या गेल्या तेव्हा कागद उशाखालीच होता.

त्यामुळे असं खोटं कसं शिवतात ते मला आतून बाहेरून माहीत होतं. आधी घरचे आत जातात, पेशंट बाहेर. मग डॉक्टर पेशंटऐवजी नातेवाइकांकडे बघतात. मग एखादं नाव शोधायचं, असं की त्यात एवढी औषधं खपून जातील पण माणूस हाय खाणार नाही. आणि मग सगळ्यांनी गोड व्हायचं. माझ्या बाबतीत सगळं जसंच्या तसं झालं होतं. रिपोर्ट मी दहा वेळा बघितला, इंग्रजीतला तो एकेक शब्द फोनवर शोधला. पण कागदाचं काय, कागद सासूबाईंनाही दिला होता.

पेंडसेकाकूंचं अंतर्मन

गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी उपाशीपोटी. हे पाण्याचा पेला आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि मी गिळेपर्यंत उठायचे नाहीत. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली. केंद्रातल्या सिस्टरने आधी सांगितलं होतं, तरी मी घाबरून ह्यांना हाक मारून दाखवली. आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लशला जोर नाही, एका धारेत काही जात नाही, त्यामुळे दाखवायला बराच वेळ मिळाला. हे म्हणाले, "औषध लागू पडतंय." मी म्हटलं, बीट खाल्लं तरी रंग येतो.

सिस्टरचं एक सांगते. रांगेत नाव पुकारताना ती आजाराचं नाव कधी घ्यायची नाही. "ब्लाउजवाल्या ताई, या" एवढंच. मी मात्र सगळ्या बिल्डिंगला थायरॉइड सांगितलं होतं. टीबी म्हटलं तर कोण माझ्याकडे कपडा टाकणार? म्हणजे बघा, मला टीबी सांगून फसवतात म्हणून मी घरच्यांवर जळत होते, आणि स्वतः तिसऱ्या मजल्यापर्यंत थायरॉइड पोचवत होते.

खरं सांगितलं होतं ते फक्त पेंडसेकाकूंना, ब्लाउजच्या गोष्टीसकट. वरच्या मजल्यावर राहतात, शाळेत शिक्षिका होत्या. त्या हल्ली कसल्याशा ध्यानाच्या वर्गाला जातात. मला म्हणाल्या, "सुरेखा, मन आणि शरीर वेगळं नसतं. शरीराला सगळं आधीच कळलेलं असतं, आपण ऐकत नाही. तुझ्या हाताने ब्लाउज सैल केले, ते काय होतं? अंतर्मन! आता डोळे मिटून त्या गाठीशीच बोल. उत्तर येईल."

गाठीशी काय बोलायचं? 'कशी आहेस' विचारायचं? पण ब्लाउजची गोष्ट मला लागली. हात बरोबर होता ना. डॉक्टरांच्या आधी, सोनोग्राफीच्या आधी, त्याला कळलं होतं. दुपारी दार लावून मी डोळे मिटून बसले. काखेत बोटं ठेवली आणि विचारलं, तू कोण आहेस? छातीत धडधडायला लागलं, तळहाताला घाम सुटला, आणि आतून अगदी स्पष्ट आलं, कॅन्सर.

काकूंनी जिन्यात विचारलं, "आलं का उत्तर?"

"आलं," मी म्हटलं.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" काकू खूश होऊन वर गेल्या. काय उत्तर आलं ते त्यांनी विचारलं नाही.

गाठ वाढली

पुढच्या काही आठवड्यांत मला भूक लागायला लागली, संध्याकाळी जो बारीक ताप यायचा तो थांबला. आणि गाठ वाढली. मनाचे खेळ नव्हेत, टेप लावून बघितलं. मुंढा परत काचायला लागला. वरची कातडी लाल आणि गरम.

आता काय राहिलं होतं? टीबीची गोळी चालू, आणि गाठ वाढतेय. म्हणजे टीबी नाहीच. गोळ्या म्हणजे सासूबाईंची पेज. मी कुणाला काही बोलले नाही. डॉक्टरांना दाखवायला हवं होतं हे आज कळतं, पण डॉक्टर तर त्यांच्यातल्याच होत्या. कल्याणला माझा भाऊ आहे, त्याच्या ओळखीत डॉक्टर आहेत, तिथे जायचं मनात आलेलं. पण भावाचा फोन यायचा तोही गोड आवाजात, "ताई, जेवलीस का?" हा माणूस राखीपौर्णिमेशिवाय फोन करत नाही. तोही सामील.

मी गोळ्या थांबवल्या. हे समोर बसलेले असताना कशा थांबवल्या विचाराल. मी तोंडात टाचण्या धरून तासन् तास गिऱ्हाइकांशी बोलते, एकही टाचणी पडत नाही. गोळ्या गालात धरायच्या, पाणी प्यायचं, 'झालं' म्हणायचं, हे आंघोळीला गेले की कापडाच्या कतरणीत थुंकायच्या आणि चिंध्यांच्या पिशवीत टाकायच्या. तोंड कडू जहर व्हायचं. मरायचंच आहे तर खोट्या गोळ्या खाऊन कशाला, असं वाटायचं. आणि रडू यायचं, पण तेही मशीन चालू करून, आवाज जाऊ नये म्हणून.

मला मरणाची भीती वाटत होती, ती होतीच. पण त्याहून एक वेगळं दुःख होतं. ह्या घरात इतकी वर्षं काढली आणि शेवटी मी पण उशाखाली कागद ठेवलेली म्हातारी झाले, असं मला वाटत होतं.

केशरी

एका सकाळी मी नेहमीसारखं पाणी प्याले, 'झालं' म्हटलं. हे उठले नाहीत.

"चार दिवस झाले, केशरी दिसत नाही," म्हणाले.

"काय?" गोळ्या गालात होत्या, त्यामुळे मी तेवढंच म्हणू शकले.

"बाथरूममध्ये. आधी दिसायचं. आता दिसत नाही."

मी गोळ्या हातावर थुंकल्या. "तुम्ही माझ्या मागोमाग जाऊन बघता?"

"रोज."

"शी! लाज नाही वाटत?"

"वाटते. तरी बघतो." हे म्हणाले. "चेक केल्याशिवाय पार्ट पुढे दिला नाही मी कधी."

"मी पार्ट आहे तुमचा?"

मग माझा तोल गेला. जे जे साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. म्हटलं, "सांगून टाका एकदाचं! कॅन्सर आहे ना मला? आईंना अल्सर, मला टीबी! मला काय लहान पोर समजता? मीच पेज भरवली आहे त्यांना, मला शिकवू नका! त्यांना सुकट खाऊ दिली नाही, मला मोसंबी सोलून घाला! मला माझं मरण तरी माझं म्हणून द्या!" शेजारी ऐकू गेलं असणार. जाऊ दे गेलं तर.

ह्यांनी हातातला पेला टेबलावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, "आई आजारी होती तेव्हा मी कुठे होतो गं?"

"ओव्हरटाइमला!" हे उत्तर माझ्या तोंडात इतकी वर्षं तयारच होतं. आई मरतेय आणि ह्यांना ओव्हरटाइम सुचतोय, म्हणून मी तेव्हा किती चडफडले होते. घरी यायचे ते ती झोपल्यावर. कधी जागी असली तर चप्पल न काढता दारातूनच "जेवलीस का आई" विचारायचे आणि मागच्या अंगणात निघून जायचे.

"ओव्हरटाइम नव्हता," हे म्हणाले. "सहाला सुटायचो. शीळफाट्याला उतरून टपरीवर बसायचो. ती झोपेस्तोवर. रोज."

मी हातावरच्या गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"दादा बोलला, अल्सर सांगायचं. मी हो बोललो. पण मला जमेना. तिच्यासमोर बसलो असतो तर तिने एका मिनिटात ओळखलं असतं. दादाला येतं खोटं बोलता. तुला पण येतं. मला नाही येत. म्हणून मी तिच्याजवळ बसलोच नाही." त्यांचा आवाज फाटला. "ती गेली, मी तिच्याशी धड बोललो पण नाही शेवटचं."

मी ह्यांना रडताना आईच्या चितेपाशीही बघितलं नव्हतं.

मग चष्मा काढून, ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यासमोर मी रोज सकाळी बसतो. ह्या खुर्चीत. तुझ्या तोंडाकडे बघत. कॅन्सर असता, तर बसता आलं असतं का गं मला?"

मी सगळं तपासलं होतं. मोसंबं, कागद, डॉक्टरीणबाईंची नजर, भावाचा फोन. ती खुर्ची तपासली नव्हती. ज्या माणसाला त्याच्या आईसमोर खोटं घेऊन बसता आलं नाही, तो माझ्यासमोर रोज बसत होता, आणि मी त्याच्यासमोर गालात गोळ्या धरून बसत होते.

त्या दिवशीच आम्ही दोघं ठाण्याला गेलो. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, चिंध्यांच्या पिशवीसकट. त्या चांगल्याच भडकल्या. "मध्येच सोडल्या तर याच गोळ्या पुढे काम करेनाशा होतात, कळतंय का तुम्हाला?" या वेळी त्या सरळ माझ्याकडे बघून ओरडत होत्या, आणि मला बरं वाटलं. मग गाठ बघितली. म्हणाल्या, काहींना औषध चालू असताना गाठ आधी सुजते, फुगते, मग ओसरते. हे आधी सांगायला हवं होतं, असंही म्हणाल्या. सुईने आतला पू काढला, परत तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा मी म्हटलं, आधी मी एकटी आत जाणार. टीबीच होता. उपचार लांबले तेवढे.

पल्लवी पुष्कळ दिवस नीट बोलली नाही माझ्याशी. "तू मला एवढी खोटारडी समजलीस, आई?" केबिनमधून बाहेर येतानाच्या तिच्या लाल डोळ्यांचा मी जो अर्थ लावला होता तो तिला फार लागला. तिचंही बरोबर होतं. तिने सासूबाईंचं नाटक लहानपणी बघितलेलं, पण त्यात काम केलं नव्हतं.

आता

गाठ गेली. बोटाला एक शेंगदाण्याएवढं टणक लागतं, ते राहील म्हणाल्या.

पेंडसेकाकू अजून म्हणतात, अंतर्मनाचं ऐकावं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण माझ्यापुरतं मला एवढं समजलंय. माझ्या हाताने ब्लाउज सैल केले तेव्हा ना धडधड होती, ना घाम. त्याने गुपचूप काम केलं. आणि आतून 'कॅन्सर' असा जो स्पष्ट आवाज आला, त्याच्यासोबत छातीत ढोल वाजत होते. ती नुसती भीती होती, माझ्याच आवाजात बोलणारी. पण हेही खात्रीने कसं सांगू? सासूबाईंनाही असंच वाटलं असेल, छातीत असेच ढोल वाजले असतील, आणि त्यांचा संशय खरा होता. तोच संशय, त्याच घरातल्या माणसांवरचा. त्यांचा खरा निघाला, माझा खोटा. आतून कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी विचारलं होतं, मी वाटी घेऊन आत निघून गेले होते. मी विचारलं, तेव्हा हे खुर्चीवरून उठले नाहीत.

म्हणून ज्यांना हे भोगावं लागतंय त्यांना एवढंच सांगते. संशय आला तर येऊ द्या, तो थांबत नाही. पण गालात धरून बसू नका. तोंड उघडून विचारा, भांडून विचारा, शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल. आणि घरच्यांनो, आजारी माणसाशी उगीच गोड बोलू नका हो. आम्ही घाबरतो.

ब्लाउज तिन्ही परत चापून घेतले आहेत. डावीकडची टीप मात्र मी कच्चीच ठेवली आहे, स्वभावाला औषध नाही.

गोळ्या संपल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ओट्याशी चहा ठेवत होते. हे पाण्याचा पेला घेऊन आले आणि खुर्ची ओढली.

"अहो, गोळ्या संपल्या काल."

"माहितीये," हे म्हणाले आणि बसले.